दमास्कस नळ्यांच्या जुन्या इंग्रजी दुनळी बंदुका : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमध्ये साधारण १८५० ते १९१४ या काळात बनलेल्या, पिळाच्या नळ्यांच्या छर्र्यांच्या बंदुकांविषयी मराठी मित्रमंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. मी मिडलंड्समध्ये राहतो. माझ्याकडे अशा दोन बंदुका आहेत आणि त्यांपैकी एक मी नियमितपणे हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्यांवर चालवतो.

दमास्कस नळी म्हणजे नेमके काय?

लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या आलटून-पालटून एकावर एक रचल्या जात, भट्टीत तापवून घणाखाली एकजीव केल्या जात आणि त्या गठ्ठ्याची लाटून चौकोनी सळई केली जाई. सळई लाल करून, एक टोक पकडीत धरून दुसरे फिरवले की तिला सुंभाच्या दोरीसारखा पीळ बसे. असा पीळ दिलेल्या दोन किंवा तीन सळया, लगतच्यांचे पीळ उलटसुलट दिशेने येतील अशा बेताने, शेजारी ठेवून पुन्हा तापवून सांधल्या की त्यांची पट्टी तयार होई. ही पट्टी गजाभोवती वेटोळ्यासारखी गुंडाळून, वेटोळ्यांच्या कडा ठोकून जोडल्या की ओबडधोबड नळी हाती येई. मग ती आतून कोरली जाई, बाहेरून कानसली जाई, आणि मूळ धातूचा बराच मोठा भाग खवले व कीस होऊन जमिनीवर पडे.

एवढा खटाटोप नुसत्या शोभेसाठी नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या बऱ्याच काळापर्यंत निर्दोष, एकसंध पोलादी नळी खात्रीने बनवता येत नव्हती. सपाट पट्टी लांबीच्या दिशेने वळवून सांधली तर सांधा नळीभर सरळ जातो आणि बाराच्या दाबाने नेमका तोच उकलण्याचा धोका असतो. वेटोळ्याच्या नळीत मात्र धातूचे तंतू नळीला गोल वेढतात आणि दाबाला आडवे येतात. बळकटी हा मूळ हेतू होता. नक्षी त्याच्यासोबत आली आणि पुढे गिऱ्हाईक तिच्यासाठीच पैसे मोजू लागले.

या नळीचा दमास्कस शहराशी किंवा आपल्याकडच्या वूट्झ पोलादाशी काही संबंध आहे का?

नावापुरता आहे. दक्षिण भारतातले वूट्झ हे मुशीत वितळवून केलेले पोलाद होते. त्याच्या पात्यावर दिसणारी लाटांची नक्षी धातू थंड होताना त्याच्या पोटातच तयार होत असे. बंदुकीच्या नळीवरची नक्षी वेगवेगळ्या धातूंचे थर सांधून आणि पिळून घडवलेली असते. दोन्हींना युरोपीय लोकांनी एकच नाव दिल्यामुळे गोंधळ झाला. पिळाच्या नळ्या तुर्कस्तानात आणि हिंदुस्थानात युरोपच्या आधी बनत होत्या, आणि आपल्याकडच्या तोड्याच्या बंदुकांवर त्या आजही पाहायला मिळतात. तेवढे नाते खरे आहे.

आणखी एक गोष्ट अनेकांना रुचत नाही. इंग्रजी बंदुकीवरची नळी इंग्लंडमध्येच घडलेली असेल असे नाही. बर्मिंगहॅममध्ये नळ्या बनत होत्या, परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेल्जियममधील लिएज शहराजवळच्या व्हेस्द्र नदीच्या खोऱ्यातून कच्च्या नळ्या मोठ्या प्रमाणात इंग्लंडला येत आणि येथे कोरल्या, जोडल्या व पारखल्या जात. त्याने बंदुकीचे मोल कमी होत नाही.

नक्षीवरून काय ओळखता येते?

पट्टीत किती सळया आहेत, हे पहिल्यांदा पाहावे. नळीभोवती तिरकस जाणारी, पट्टीच्या दोन वेटोळ्यांच्या सांध्याची रेघ शोधावी आणि एका रेघेपासून पुढच्या रेघेपर्यंत वर्तुळांच्या किती रांगा लागतात ते मोजावे. दोन रांगा असल्यास दोन सळयांची नळी, तीन असल्यास तीन सळयांची. तीन सळयांच्या इंग्रजी कामात वर्तुळे लहान, दाट आणि एकसारखी येतात.

सगळ्याच पिळाच्या नळ्या दमास्कस नसतात. जुन्या ठासणीच्या बंदुकांवर स्टब ट्विस्ट आढळतो, ज्यात घोड्याच्या नालांच्या खिळ्यांचे तुकडे सांधून वापरलेले असत. साध्या ट्विस्टमध्ये सळईला पीळच नसतो, केवळ पट्टी गुंडाळलेली असते, म्हणून त्यावर वर्तुळे न दिसता नळीभोवती फिरणाऱ्या रेघा दिसतात. लॅमिनेटेड स्टील नावाच्या प्रकारात पोलादाचे प्रमाण अधिक असते आणि नक्षी पुसट, काहीशी विस्कटलेली भासते. विक्रेते या सर्वांना सरसकट दमास्कस म्हणतात. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, पण आपल्याला फरक माहीत असावा.

माझी पहिली बंदूक घरी आणली तेव्हा नळ्या चहाच्या जुन्या डागासारख्या तपकिरी आणि निर्जीव दिसत होत्या. मऊ फडक्याला तेलाचा थेंब लावून मी खिडकीच्या तिरप्या उजेडात नळी पुसत गेलो, आणि बोटभर जागा स्वच्छ होताच खालून तांबूस-करड्या वर्तुळांच्या तीन रांगा उमटल्या, लाकडाच्या गाठीभोवती वलये असावीत तशा. त्या संध्याकाळी जेवायला उशीर झाला.

नक्षी खरी आहे की वरून उमटवलेली?

स्वस्त मालावर, विशेषतः निर्यातीसाठी बनलेल्या काही बेल्जियन बंदुकांवर, साध्या नळीच्या पृष्ठभागावर आम्लाने नक्षी उमटवलेली असे. खरी नक्षी धातूच्या आरपार असते. म्हणून पुढची लाकडी मूठ काढून, सहसा हात न लागणाऱ्या जागी, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी सपाट भागावर पाहावे. खोट्या नक्षीत सळयांच्या रांगा आणि वेटोळ्यांच्या रेघा यांचा मेळ बसत नाही आणि तीच आकृती छापील कापडासारखी तंतोतंत पुन्हा येते. हातच्या कामात कुठे तरी पट्टी थोडी रुंद झालेली, कुठे वर्तुळ ओढले गेलेले असतेच. खात्रीसाठी घरी आम्ल लावून पाहण्याचा मोह मात्र टाळावा. ते काम जाणत्या बंदूक-कारागिराचे आहे.

बंदूक इंग्रजीच आहे, हे कसे ठरवावे?

नावावर विसंबू नये, ठसे वाचावेत. कायद्याने प्रत्येक नळीची प्रूफ, म्हणजे नेहमीपेक्षा बरीच जास्त दारू भरून घेतलेली परीक्षा, होणे आवश्यक होते. ही परीक्षा लंडनमध्ये गनमेकर्स कंपनी घेई, जिला १६३७ मध्ये सनद मिळाली होती. बर्मिंगहॅमचे प्रूफ हाऊस १८१३ मध्ये संसदेच्या कायद्याने स्थापन झाले. दोन्ही आजही कार्यरत आहेत. नळ्या उतरवून खालच्या सपाट भागावर पाहिल्यास ठसे सापडतात. लंडनच्या ठशांत मुकुटाखाली गुंफलेली जी-पी ही अक्षरे आणि मुकुटाखाली व्ही असतो, तर १९०४ पूर्वीच्या बर्मिंगहॅमच्या ठशांत मुकुटाखाली एकमेकांना छेदणारे दोन राजदंड असतात.

त्याऐवजी लंबगोलात ई-एल-जी ही अक्षरे दिसली, तर ती नळी लिएजची पारख घेऊन आली आहे आणि बंदूक बहुधा बेल्जियन आहे, मग वर नाव कितीही इंग्रजी असो. वेस्टली रिचर्ड्स या नामांकित बर्मिंगहॅम कारखान्याच्या नावाची आठवण करून देणारे 'डब्ल्यू. रिचर्ड्स' हे नाव कोरलेल्या बेल्जियन बंदुका शेकड्यांनी विकल्या गेल्या. या बंदुकांचाही स्वतःचा इतिहास आहे, परंतु त्यासाठी इंग्रजी बंदुकीची किंमत मोजण्याचे कारण नाही.

ठशांवरून आणि रचनेवरून काळ कसा ठरवावा?

ठशांचे नियम वेळोवेळी बदलले, आणि तेच आपल्या कामी येते. १८७५ च्या नियमांनंतर चोक असलेल्या, म्हणजे तोंडाशी किंचित आवळलेल्या, नळीवर 'नॉट फॉर बॉल' असा इशारा मारू लागले, कारण तिच्यातून सबंध गोळी झाडणे धोक्याचे होते. १८८७ पासून काडतुसाच्या घराचे माप शंकरपाळ्याच्या आकारात मारले जाऊ लागले. बारा बोअरच्या बंदुकीत त्यात १२ हा आकडा आणि सी हे अक्षर असते. बोअर म्हणजे नळीच्या पोकळीचे माप; आकडा जितका मोठा, तितकी नळी अरुंद. धूरविरहित, म्हणजे नायट्रो, दारूची स्वतंत्र परीक्षा १८९६ च्या नियमांत आली. १९०४ नंतर बर्मिंगहॅमने तिच्यासाठी मुकुटाखाली एन-पी, आणि लंडनने तलवार धरलेल्या हाताखाली एन-पी हा ठसा वापरला. एकाच नळीवर वेगवेगळ्या पिढ्यांचे ठसे असतील तर गोंधळू नये. ती बंदूक पुन्हा पारखली गेली एवढाच त्याचा अर्थ.

रचनेवरूनही बरेच कळते. मागून भरण्याच्या बंदुकांची इंग्लंडमध्ये खरी चर्चा सुरू झाली ती १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात लफोशो या फ्रेंच कारागिराची पिन-फायर बंदूक मांडली गेल्यानंतर. या प्रकारात काडतुसाच्या अंगातून बाहेर आलेल्या खिळ्यावर घोडा, म्हणजे बंदुकीचा हातोडा, आपटतो. १८६० च्या दशकात मध्यभागी टिकली असलेले सेंटर-फायर काडतूस रूढ झाले. नळ्या मोडून उघडण्यासाठी चापाच्या कड्याखाली दांडा असेल, तर ती हेन्री जोन्स यांच्या १८५९ च्या पेटंटाची पद्धत असण्याचा संभव मोठा. स्टँटन यांच्या १८६७ च्या पेटंटानंतर बार उडाल्यावर आपोआप थोडा मागे येणारा घोडा प्रचारात आला. त्याआधीच्या बंदुकीत घोडा हाताने अर्ध्यावर चढवल्याशिवाय नळी उघडत नाही. अँसन आणि डीली यांनी १८७५ मध्ये पेटंट घेतलेली, बाहेर घोडे नसलेली पेटीबंद रचना आजही जगभर वापरली जाते, आणि दमास्कस नळ्या तिच्यावरही आढळतात. मात्र पेटंटाचे वर्ष म्हणजे बंदुकीचे वर्ष नव्हे. जुनी रचना पसंत करणारी गिऱ्हाइके पुढे कित्येक वर्षे तीच मागत राहिली.

नळ्यांमधील पट्टीवर कोरलेला पत्ता हा तिसरा धागा. जेम्स पर्डी या लंडनच्या बंदूक-कारागिराचे दुकान १८२६ पासून १८८० च्या दशकाच्या आरंभापर्यंत ३१४½ ऑक्सफर्ड स्ट्रीट येथे होते आणि नंतर साउथ ऑडली स्ट्रीटवर गेले, त्यामुळे पत्ता पाहताच कालखंड कळतो. पर्डी, हॉलंड अँड हॉलंड, बॉस अशा मोठ्या नावांच्या जुन्या वह्या टिकून आहेत आणि क्रमांकावरून मूळ गिऱ्हाइकाचे नावही कधी कधी मिळते.

अशी बंदूक आज चालवणे सुरक्षित आहे का?

या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. 'दमास्कस म्हणजे हातात फुटणारा बॉम्ब' हे जसे खरे नाही, तसेच 'शंभर वर्षे टिकली, आता काय होणार' हेही खरे नाही. नायट्रो दारूची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या कितीतरी दमास्कस नळ्या इंग्लंडमध्ये दर आठवड्याला चालतात. दुसरीकडे, आतून गंजाने खाल्लेल्या आणि मग घासून चकचकीत केलेल्या नळ्याही बाजारात आहेत. नळी कोणत्या धातूची यापेक्षा तिच्यात धातू किती उरला आहे, हे महत्त्वाचे असते.

माझी दुसरी बंदूक मी एका विक्रेत्याकडून आतून आरशासारखी दिसते म्हणून घेतली. कारागिराने मापे घेतल्यावर उजव्या नळीच्या भिंतीची जाडी एका जागी जेमतेम १४ थाऊ भरली. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. आपल्याकडच्या लेथवर काम करणाऱ्याला तो सांगावा लागत नाही. खड्डे जावेत म्हणून कोणी तरी आतला धातू घासून काढला होता. ती बंदूक आता भिंतीवर आहे, आणि चूक माझीच होती, कारण मी पाहिले आणि मोजले नाही.

विकत घेण्यापूर्वी काय मोजावे, काय पाहावे?

दोन मापे आवश्यक आहेत. पहिले, नळीचा आतला व्यास, जो मागच्या टोकापासून ९ इंचांवर घेतात. तो ठशात नोंदलेल्या मापाशी ताडून पाहावा. बारा बोअरचे शास्त्रीय माप ०.७२९ इंच आहे, परंतु त्या काळी पुष्कळ नळ्या मुद्दाम थोड्या अरुंद कोरल्या जात आणि त्यांवर १३ हा आकडा मारला जाई, तेव्हा तो पाहून दचकू नये. व्यास नियमापलीकडे वाढला असेल तर बंदूक प्रूफबाहेर गेली असे म्हणतात, आणि अशी बंदूक ब्रिटनमध्ये विकणे गुन्हा आहे. दुसरे माप भिंतीच्या जाडीचे. सर्वांत पातळ जागी निदान २० थाऊ, म्हणजे अर्धा मिलिमीटर, असावी असा येथील जाणकारांचा साधारण दंडक आहे. काडतुसाच्या घराजवळ त्याहून कितीतरी अधिक जाडी हवी. ही मापे घेण्याची हत्यारे नसतील, तर ती असलेल्या माणसाला पैसे देऊन सोबत न्यावे.

बाकीच्या परीक्षा हाताने होतात. नळ्या मुळापासून वेगळ्या करून खालच्या हुकाने बोटावर टांगाव्यात आणि नखाने टिचकी मारावी. माठ घेताना आपण जसा कान लावतो तसा येथेही लावावा. दोन नळ्यांना सांधणाऱ्या जोडपट्ट्या पक्क्या असतील तर लांब, स्वच्छ नाद येतो, आणि झाळ सुटली असेल तर आवाज बद्द येतो. नंतर बंदूक जोडून, पुढची मूठ काढून, नळ्या हळूच हलवाव्यात. बिजागरीत खुळखुळ जाणवली तर खर्च वाढला असे समजावे. दस्ता जेथे लोखंडाला मिळतो तेथील अक्रोडाचे लाकूड काळे आणि मऊ झाले असेल, तर वर्षानुवर्षे बंदूक तेल घालून उभी ठेवल्यामुळे ते तेल पिऊन बसले आहे. म्हणूनच पुष्कळ लोक तोंड खाली करून बंदूक ठेवतात.

कोणती काडतुसे वापरावीत?

जुन्या बारा बोअरच्या बंदुकीत काडतुसाचे घर बहुतेक वेळा अडीच इंचांचे असते, म्हणजे ६५ मिलिमीटरचे. आजची सर्वसाधारण काडतुसे ७० मिलिमीटरची असतात. न उडवलेले काडतूस आखूड असल्यामुळे ते जुन्या घरात बसते आणि येथेच फसगत होते, कारण खोक्यावरचे माप बार उडून तोंड उलगडल्यानंतरचे असते. लांब काडतुसाचे तोंड पुढच्या निमुळत्या भागात उलगडते, वाट अरुंद होते आणि दाब चढतो.

नायट्रोचा ठसा असलेल्या, मापात बसणाऱ्या बंदुकीत मी २४ ते २८ ग्रॅम छर्र्यांची, कमी दाबाची, ६५ मिलिमीटरची काडतुसे वापरतो. केवळ काळ्या दारूचा ठसा असेल तर काळी दारूच वापरावी, किंवा बंदूक आधी नायट्रोसाठी प्रूफ हाऊसकडे पाठवावी. त्या परीक्षेत ती नापास होऊ शकते, ही तयारी ठेवून. पोलादी छर्रे अशा नळीत कधीही घालू नयेत. जेथे शिशाला बंदी आहे तेथे बिस्मथचे छर्रे मिळतात. ते महाग आहेत, त्याला इलाज नाही.

नळ्या बदललेल्या किंवा अस्तर घातलेल्या बंदुकीचे काय?

स्लीव्ह केलेल्या बंदुकीत जुन्या नळ्या मुळाशी कापून त्यांत नव्या पोलादी नळ्या बसवलेल्या असतात आणि तसा शब्द नळीवर ठोकलेला असतो. चालवायला ती उत्तम, पण दमास्कस म्हणून तिच्यात फारसे काही उरत नाही. आतून पातळ पोलादी अस्तर घालण्याची पद्धतही आहे. तिच्यात बाहेरची नक्षी शाबूत राहते. खर्च मोठा असतो, म्हणून बंदूक त्या तोलाची हवी.

निगा कशी राखावी?

नळीचा तपकिरी रंग हा मुद्दाम चढवलेला आणि आवरलेला गंज असतो. रसायन लावून गंज येऊ द्यायचा, तो घासून काढायचा आणि पुन्हा लावायचा, असे कित्येक वेळा केल्यावर लोखंड आणि पोलाद वेगवेगळ्या छटा धरतात. आधुनिक बंदुकांना काळा रंग देण्यासाठी वापरतात त्या उकळत्या क्षाराच्या कुंडात दमास्कस नळ्या कदापि बुडवू नयेत. जोडपट्ट्यांची कथलाची झाळ त्यात टिकत नाही. काळी दारू वापरली असेल तर त्याच दिवशी गरम पाण्याने नळ्या धुवाव्यात, पूर्ण कोरड्या कराव्यात आणि मग तेलाचा हात द्यावा. आतले बहुतेक खड्डे काळ्या दारूची राख आणि जुन्या टिकल्यांतला क्षार ओल धरतात म्हणून पडलेले असतात. दस्त्याला जवसाच्या तेलाचे दोन थेंब तळहाताने चोळले तरी पुरे होतात.

घोड्यांची बंदूक चालवण्यात एवढा आनंद कसला?

वजन साधारण साडेसहा ते सात पौंड, लांब नळ्या, आणि तोल दोन्ही हातांच्या मधोमध. त्यामुळे ती खांद्याला येते ती जवळजवळ आपण होऊन. दोन्ही घोडे अंगठ्याने चढवताना येणारा खट-खट असा दुहेरी आवाज हा त्या कामाचाच भाग आहे. घोडे नसलेल्या बंदुका सर्वत्र झाल्यानंतरही सम्राट पाचवे जॉर्ज घोड्यांच्याच पर्डी वापरत राहिले. त्या काळचे विख्यात नेमबाज दुसरे लॉर्ड रिपन यांनीही त्या सोडल्या नाहीत. आपल्याला रिपन हे नाव स्थानिक स्वराज्यामुळे ठाऊक आहे. ते व्हाइसरॉय या नेमबाजाचे वडील. १९२३ मध्ये माळरानावर शिकार करीत असतानाच मुलाचा मृत्यू झाला. त्यांनी मारलेल्या पक्ष्यांच्या याद्या वाचताना मला कौतुकापेक्षा शिसारीच अधिक येते, म्हणून मी तबकड्यांवर समाधान मानतो.

घरात आजोबांची अशी बंदूक निघाली, तर भारतात काय करावे?

संस्थानी काळात लंडन-बर्मिंगहॅमच्या बंदुका हिंदुस्थानात पुष्कळ आल्या, त्यामुळे जुन्या वाड्यात एखादी निघणे अगदी शक्य आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली तिला परवाना लागतो आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात. जुनाट बनावटीचे किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेले, परंतु दुरुस्तीनंतरही चालू न शकणारे शस्त्र याच कायद्याच्या ४५ व्या कलमात वगळले आहे, तथापि आपली बंदूक त्यात बसते हे आपणच ठरवू नये. परवाना अधिकाऱ्याकडून लेखी घ्यावे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवणे पुराणवस्तूंच्या १९७२ च्या कायद्याने निषिद्ध आहे. त्याच वर्षीच्या वन्यजीव कायद्यामुळे शिकारीचा प्रश्न उरत नाही. आणि ती भरलेली नाही याची खात्री होईपर्यंत घोड्याला हात लावू नये. माळ्यावरच्या बंदुकीत जुने काडतूस असू शकते.

ब्रिटनमध्ये सेंटर-फायर बारा बोअरला, ती कितीही जुनी असली तरी, शॉटगन सर्टिफिकेट लागते. केवळ शोभेसाठी ठेवलेल्या पिन-फायरला लागत नाही, पण तीच चालवायची झाली तर लागते.

प्रत्यक्ष पाहायला कोठे जावे?

लीड्सच्या रॉयल आर्मरीजमध्ये मोठा संग्रह आहे. लंडनच्या वॉलेस कलेक्शनमध्ये पौर्वात्य शस्त्रांचे दालन आहे, जेथे पिळाच्या कामाची पूर्वपीठिका समजते. बर्मिंगहॅमला आल्यास बॅनबरी स्ट्रीटवरचे प्रूफ हाऊस बाहेरून तरी पाहावे आणि तेथून गन क्वार्टर या बंदूक-कारागिरांच्या जुन्या वस्तीतील प्राइस स्ट्रीटपर्यंत चालत जावे. संग्रहालयाच्या काचेआड नळीच्या खालची बाजू सहसा दिसत नाही. ती पाहायची असेल तर लिलावाच्या आदल्या दिवशी माल मांडतात तेव्हा जावे, आणि खिशात एक भिंग ठेवावे.